अठ्ठेचाळीस मिनिटें आणि तीन उमेदवार

पंगतींत वाढणारानें पंक्तिप्रपंच करूं नये, हा आपल्या घरांतला जुना दंडक आहे. पहिल्या पानावर जेवढें तूप पडेल तेवढेंच शेवटच्या पानावरहि पडलें पाहिजे. तेथें मिळवता कोण आणि न मिळवता कोण हा प्रश्न उद्भवत नाहीं. परंतु त्याच घरांत कामाची वांटणी करण्याची वेळ आली म्हणजे हा दंडक आपण बाजूस ठेवतों. ज्याला हिशेब जमतो त्याच्याकडे हिशेब, ज्याची जीभ गोड त्याच्याकडे आल्यागेल्याची ऊठबस, ज्याचे पाय चालते त्याच्याकडे बाजार. अन्न समान आणि काम गुणाप्रमाणें, असे हे दोन निराळे न्याय एकाच छपराखालीं सुखानें नांदत असतात. पण एखादी वस्तु अशी असली कीं जी एकाच वेळीं अन्नहि आहे आणि कामहि आहे, तर ती वांटावी कोणत्या न्यायानें? या महिन्यांत या सदराकरितां आम्हीं हाच प्रश्न घेतला आहे. त्याचें उदाहरण मात्र माजघरांतलें नाहीं. तें अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहराच्या बास्केटबॉल संघांतलें आहे.

बास्केटबॉल हा खेळ आमच्या वाचकांपैकीं शाळा-कॉलेजांतील मुलामुलींना चांगला परिचित आहे. वडील मंडळींसाठीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. १८९१ सालच्या डिसेंबरांत जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकानें अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं हा खेळ काढला. कडक हिवाळ्यांत बाहेर खेळतां येत नाहीं, म्हणून दालनाच्या दोन्ही टोकांस पीच फळांच्या टोपल्या टांगून त्यांत चेंडू टाकावयाचा, एवढीच मूळ कल्पना. टोपली जमिनीपासून दहा फूट उंच बसविली गेली. ती उंची अद्यापि तशीच आहे, आणि त्या एका आंकड्यानें उंच मनुष्यास या खेळांत मानाचें आसन मिळवून दिलें. एका वेळीं प्रत्येक बाजूचे पांच खेळाडू मैदानांत असतात. दोघे गार्ड, म्हणजे चेंडू खेळवीत आणणारे, पास देणारे आणि दुरून टाकणारे. दोघे फॉरवर्ड, त्यांतला जो अधिक धिप्पाड त्याला पॉवर फॉरवर्ड म्हणतात. पांचवा सेंटर. हा बहुधा सर्वांत उंच असून बास्केटजवळ गुण करणें आणि समोरच्यांचे चेंडू अडविणें हें त्याचें मुख्य काम. फॉरवर्ड आणि सेंटर मिळून जी फळी होते तिला आपण सोयीसाठीं पुढची फळी म्हणूं.

अमेरिकेंतील व्यवसायी खेळाडूंच्या एन.बी.ए. या संघटनेंत सामना ४८ मिनिटांचा असतो. पांच जागा आणि प्रत्येक जागेचीं ४८ मिनिटें, म्हणजे संघाच्या प्रशिक्षकाजवळ वांटावयास एकंदर २४० मिनिटें असतात. बरोबरी होऊन जादा वेळ खेळावा लागला तर गोष्ट निराळी. एरव्हीं हा ठेवा एका मिनिटानेंहि वाढत नाहीं. संघ श्रीमंत असो कीं गरीब, त्यांत तरुण असोत कीं मुरलेले, कोठीघरांत धान्य एवढेंच. एकाला अधिक दिलें कीं दुसऱ्याचें कमी होणारच.

आतां फिलाडेल्फियाची हकीकत. २०१३ सालच्या मे महिन्यांत सॅम हिंकी या गृहस्थांनीं तेथील ‘सेव्हंटीसिक्सर्स’ संघाची व्यवस्था हातीं घेतली. एन.बी.ए.चा नियम असा आहे कीं, जो संघ अधिक हरतो त्याला पुढील उन्हाळ्यांत नवे तरुण खेळाडू निवडतांना आधींची पाळी मिळण्याचा संभव अधिक असतो. दुबळ्याला बळ मिळावें हा या नियमाचा हेतु. हिंकी यांनीं त्यांतून एक धोरणच काढलें: आजचे सामने गेले तरी जावोत, पण उद्यांचे गुणी तरुण जमवीत राहावयाचें. २०१३ च्या जूनमध्यें त्यांनीं जरू हॉलिडे हा तयार गार्ड न्यू ऑर्लिन्सच्या संघास देऊन नर्लेन्स नोएल हा कोंवळा सेंटर आणि पुढील वर्षाचा निवडीचा एक हक्क घेतला. नोएलच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटलेला होता. पहिलें सबंध वर्ष तो बसून राहिला. २०१४ मध्यें तिसऱ्या क्रमांकावर त्यांनीं कॅमेरूनचा जोएल एम्बीड निवडला. हाहि सेंटरच. याच्या पायाचें हाड मोडलें होतें. त्याचीं दोन वर्षें तशींच गेलीं. २०१५ मध्यें पुन्हां तिसऱ्या क्रमांकावर जालिल ओकाफोर आला. ड्यूक विद्यापीठाच्या विजेत्या संघाचा हा नामांकित खेळाडू. आणि हाहि सेंटरच.

मधल्या काळांत संघाची काय दशा झाली तें आंकडेच सांगतात. ८२ सामन्यांच्या हंगामांत २०१३-१४ सालीं १९ विजय, पुढील सालीं १८, आणि २०१५-१६ सालीं केवळ १०. त्या शेवटच्या हंगामाचे आरंभींचे अठरा सामने संघ ओळीनें हरला. एप्रिल २०१६ मध्यें हिंकी यांनीं राजीनामा दिला. त्यांची जागा घेणाऱ्या ब्रायन कोलांजेलो यांच्या हातीं जें घर आलें त्यांत तरुणांची वाण नव्हती. त्याच वर्षीं पहिल्या क्रमांकाची पाळी मिळून बेन सिमन्स हा सहा फूट दहा इंच उंचीचा वीस वर्षांचा तरुण आला. दोन वर्षांपूर्वींच हक्क मिळवून ठेवलेला क्रोएशियाचा डारिओ शारिच हा तितकाच उंच फॉरवर्डहि तुर्कस्थानांतील आपल्या संघाचा निरोप घेऊन त्याच सुमारास येऊन पोंचला. २०१६ च्या ऑक्टोबरांत हंगाम उघडला तेव्हां एम्बीड, नोएल व शारिच बावीस वर्षांचे, ओकाफोर व सिमन्स विशीचे. पांचहि जण पुढच्या फळीचे, आणि उंचीनें कोणीहि सात फुटांहून फारसा कमी नाहीं. गार्डांची मात्र वानवा. पांच पुत्र आणि पांचहि वैद्य झाले, शेत पाहावयास कोणी नाहीं, असा प्रकार.

येथें ब्रेट ब्राउन या प्रशिक्षकापुढें जें गणित उभें राहिलें तें वाचकांनीं कागदावर मांडून पाहावें. सेंटरची जागा एक, मिनिटें ४८. मागील हंगामांत ओकाफोर सरासरीनें दर सामन्यास ३० मिनिटें खेळला होता आणि नोएल सुमारें २९. एम्बीडची प्रकृति नाजूक म्हणून वैद्यांनीं त्याला आधीं २४ व मग २८ मिनिटांची मर्यादा घातली होती, आणि लागोपाठच्या दोन रात्रीं त्याला खेळवावयाचें नाहीं असेंहि ठरविलें होतें. तिघांची भूक मिळून ८७ मिनिटांची; ताटांत ४८. एम्बीडचीं २८ काढल्यावर उरलीं वीस, आणि तीं मागणारे दोघे, ज्यांना कालपर्यंत प्रत्येकीं तीस मिळत होतीं.

कोणी म्हणेल, सेंटरची जागा एक असली तरी शेजारची पॉवर फॉरवर्डची जागा आहेच. दोघांना एकदम उतरवावें म्हणजे ४८ चीं ९६ मिनिटें झालीं. कागदावर हें सोपें दिसतें. हा प्रयोग झालाहि होता. २०१५-१६ मध्यें नोएल व ओकाफोर यांना जोडीनें खेळविलें गेलें; २०१६ च्या डिसेंबरांत एम्बीड व ओकाफोर यांनाहि एकत्र उतरवून पाहिलें. दोन्ही जोड्या टिकल्या नाहींत. कां टिकल्या नाहींत हें समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाचें मर्म कळणार नाहीं.

या खेळांत जागेलाहि किंमत आहे. बास्केटसमोर सोळा फूट रुंदीचा एक रंगविलेला पट्टा असतो. चढाई करणारानें त्यांत सलग तीन सेकंदांहून अधिक उभें राहूं नये असा नियम आहे. त्याच्याबाहेर बऱ्याच अंतरावर एक कमान आखलेली असते. तिच्यामागून टाकलेल्या चेंडूस दोनांऐवजीं तीन गुण मिळतात. ही कमान एन.बी.ए.मध्यें १९७९ सालीं आली, आणि हळूहळू तिनें पुढच्या फळीचें गणितच पालटून टाकलें. उंच गडी कमानीबाहेरून चेंडू टाकूं शकत असेल, तर त्याच्यावर पहारा करणारास बास्केट सोडून बाहेर यावें लागतें आणि आंतली वाट मोकळी होते. तो टाकूं शकत नसेल, तर पहारेकरी त्याला खुशाल मोकळा सोडून पट्ट्याजवळच ठाण मांडतो. असे दोन उंच गडी एकदम उतरविले म्हणजे आंत चौघांची दाटी होते, आणि चेंडू घेऊन येणाऱ्या गार्डाला शिरावयास फट उरत नाहीं. एका चुलीपुढें दोन सुगरणी दोन कढया घेऊन उभ्या राहिल्या म्हणजे जें होतें तेंच येथें होतें. कढया दोन्ही चांगल्या, हात दोन्ही कसबी, पण चूल एक.

आतां तिघांचे गुण पाहा. नोएल सडपातळ व चपळ. चेंडू अडविण्यांत आणि हिसकावून घेण्यांत त्याचा हातखंडा, परंतु दुरून चेंडू टाकण्याचें अंग त्याला नव्हतें. ओकाफोर बास्केटकडे पाठ करून चेंडू घ्यावयाचा आणि गिरकी मारून अलगद टाकावयाचा. पहिल्याच वर्षीं त्यानें सरासरीनें दर सामन्यास १७.५ गुण केले. परंतु बचावांत तो मंद, आणि दुरून टाकण्याचा हात त्याचाहि नाहीं. म्हणजे एकाचें कसब चढाईंत आणि दुसऱ्याचें बचावांत असलें, तरी दोघांचें घर तोच पट्टा. दोघे एकत्र आले कीं एकाला घराबाहेर राहावें लागे, आणि बाहेर राहून करण्यासारखें काम त्याच्याजवळ नसे. शिवाय समोरच्या संघांतील चपळ फॉरवर्डामागें धांवण्याची पाळीहि दोघांपैकीं एकावर येई. एम्बीडची गोष्ट वेगळी. तो बास्केटजवळ गुण करी, बचाव करी, आणि वेळ पडल्यास कमानीबाहेरूनहि टाकी. २६ ऑक्टोबर २०१६ रोजीं तो पहिला सामना खेळला, त्यांत २२ मिनिटांत त्यानें २० गुण केले. त्या रात्रीनंतर सेंटरची जागा कोणाची, या प्रश्नाचें उत्तर पाहणाऱ्या प्रत्येकास कळून चुकलें होतें. न कळल्यासारखें वागणें एवढेंच काय तें शिल्लक होतें.

आणि दुर्दैवानें तसेंच कांहीं दिवस वागलें गेलें. हंगाम सुरू होण्यापूर्वींच नोएलनें उघड बोलून दाखविलें होतें कीं, तीन तीन सेंटर एका संघांत ठेवणें शहाणपणाचें नाहीं. पुढें गुडघ्यावर शस्त्रक्रिया होऊन तो डिसेंबरांत परतला, आणि १६ डिसेंबरच्या सामन्यांत त्याच्या वांट्यास आठ मिनिटें आलीं. त्यानें पत्रकारांजवळ आपली नाराजी लपविली नाहीं. त्यावर ब्राउन यांनीं तूर्त नोएलला खेळावयाच्या मंडळींतूनच वगळलें. पण थोड्याच दिवसांनीं त्यांनीं मांडणी बदलली: एम्बीड पहिला, त्याच्या विश्रांतीच्या वेळीं नोएल, आणि ओकाफोर बांकावर. घडी नीट बसली. कोण केव्हां उतरणार हें प्रत्येकास कळूं लागलें. त्या जानेवारींत संघानें पंधरांपैकीं दहा सामने जिंकले. एम्बीडचा पराक्रम हें त्याचें मुख्य कारण. पण जागांचा घोळ मिटला हेंहि कारण आम्ही लहान मानीत नाहीं. त्याच महिन्यांत एम्बीडचा गुडघा दुखावला, आणि ३१ सामन्यांवर त्याचा हंगाम संपला.

पुढील वांटणी बाजारांत झाली. २३ फेब्रुवारी २०१७ रोजीं नोएल डॅलसच्या संघास दिला गेला. मोबदल्यांत एक तरुण खेळाडू, एक लगेच मोकळा केलेला वयस्क सेंटर, आणि पुढें ज्याचे दुय्यम फेरीचे दोन हक्क झाले असा एक सशर्त हक्क, एवढेंच हातीं आलें. ओकाफोरची कथा याहून करुण. त्याच फेब्रुवारींत सौदा होईल या अपेक्षेनें त्याला कांहीं सामन्यांतून बाहेर ठेवलें, सौदा फिसकटला, आणि तो मुकाट्यानें परत बांकावर येऊन बसला. पुढील हंगामांत तो फिलाडेल्फियाकडून अवघे दोन सामने खेळला. शेवटीं डिसेंबर २०१७ मध्यें आणखी एक खेळाडू आणि निवडीचा एक हक्क त्याच्याबरोबर बांधून ब्रुकलिनच्या संघास दिला, तेव्हां बदल्यांत एक अनुभवी फॉरवर्ड मिळाला. दोन वर्षांपूर्वीं सबंध देशांतून तिसऱ्या क्रमांकानें निवडलेल्या तरुणाची ही किंमत! न उघडलेली पेटी महाग असते; उघडून ओसरीवर टाकलेली कोणी विकत घेत नाहीं.

व्यवस्थापकांच्या बाजूनेंहि बोललें पाहिजे. २०१५ मध्यें ओकाफोर निवडला गेला तेव्हां, एम्बीडचें हाड अपेक्षेप्रमाणें सांधलें नाहीं अशी वार्ता थोड्याच दिवसांपूर्वीं आली होती. जो कधीं खेळेल कीं नाहीं हेंच ठाऊक नाहीं, त्याच्या भरंवशावर जागा रिकामी ठेवणें शहाणपणाचें झालें नसतें. दोन दिवे लावून ठेवणारास आपण उधळ्या म्हणत नाहीं. वारा केव्हां सुटेल याचा नेम नसतो. तेव्हां संग्रह केला हा दोष आम्ही देत नाहीं. दोष असेल तर तो संग्रहाचा हेतु संपल्यावरहि निवड पुढें ढकलण्याचा. एम्बीड उभा राहिला त्या दिवशीं विम्याची गरज पुष्कळशी संपली होती. त्यापुढें दोघांना अडकवून ठेवण्यांत संघास फारसा लाभ नव्हता, आणि त्या दोघांचें नुकसान रोज वाढत होतें.

आरंभींचा प्रश्न येथें पुन्हां समोर येतो. मैदानावरचीं मिनिटें हें काम आहे कीं अन्न? संघाच्या दृष्टीनें तें काम आहे, आणि तें गुणाप्रमाणेंच वांटलें पाहिजे. तिघांना सोळा सोळा मिनिटें समान वाढलीं असतीं, तर तें पंगतीस शोभलें असतें. संघ मात्र बुडाला असता, आणि त्यांतला सर्वांत गुणी तोहि अर्धपोटीं राहिला असता. पण वीस-बावीस वर्षांच्या खेळाडूच्या दृष्टीनें तींच मिनिटें अन्न आहेत. खेळल्यावांचून तो वाढत नाहीं. बांकावर बसून कोणाचा हात सुधारत नाहीं, आणि चार-पांच वर्षांचा पहिला करार संपला कीं जग विचारतें, तूं काय केलेंस? म्हणून प्रौढ खेळाडूला कमी मिनिटें देणें आणि कोंवळ्या खेळाडूला कमी मिनिटें देणें या दोन गोष्टी सारख्या नव्हेत. पहिल्याचा मान दुखावतो. दुसऱ्याची वाढ खुंटते. यावर आमचें उत्तर असें: वांटणी कामाच्या न्यायानें करावी, पण ज्याच्या वांट्यास आपल्या घरीं काम येणार नाहीं त्याला दुसऱ्या घरीं तें मिळेल अशी सोय वेळींच करून देणें, हें अन्नाच्या न्यायाचें देणें वांटणारावर राहतें. नोएलची तक्रार बोलण्यांत तिखट होती. आशयांत ती खोटी नव्हती.

मग दाटी झालेल्या घरांत वाट काढावयाची ती कशी? याचा एक सुंदर मार्ग याच संघानें पुढल्या वर्षीं दाखविला. बेन सिमन्स अंगलटीनें पॉवर फॉरवर्ड. पण चेंडू खेळविण्याची आणि पास देण्याची त्याची बुद्धि जातिवंत गार्डाची होती. पहिलें वर्ष त्याचें पाय मोडून गेलेलें. २०१७-१८ मध्यें ब्राउन यांनीं या सहा फूट दहा इंचांच्या गड्याला चक्क पॉइंट गार्डच्या जागीं उभें केलें. दुरून टाकण्याचें अंग त्याला नव्हतें. सबंध हंगामांत कमानीबाहेरून त्याचा एकहि चेंडू पडला नाहीं. म्हणून त्याच्याभोंवतीं दुरून टाकणारे जे. जे. रेडिक व रॉबर्ट कव्हिंग्टन, फॉरवर्डच्या जागीं शारिच, आणि मध्यभागीं एम्बीड, अशी रचना केली. पुढच्या फळीची दाटी एकाला मागच्या फळींत नेऊन फिटली. संघानें ५२ सामने जिंकले, शेवटचे सोळा ओळीनें, आणि सिमन्स त्या वर्षाचा सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला. दोनच वर्षांपूर्वीं याच संघाचे विजय दहा होते. उंचीवरून जागा ठरविली असती तर सिमन्सहि सेंटर-फॉरवर्डांच्या रांगेंत ताटकळत राहिला असता. काय येतें हें पाहून ठरविली म्हणून तो आणि घर दोन्हीं वर आलीं.

याच संघाच्या जुन्या दप्तरांत असा दाखला पूर्वींचाहि आहे. १९६४ मध्यें ल्यूक जॅक्सन हा भरदार सेंटर तेथें आला. वर्षहि झालें नाहीं तोंच, १९६५ च्या जानेवारींत, विल्ट चेंबरलेन त्याच संघांत दाखल झाला. एका सामन्यांत शंभर गुण करणारा तो हाच. जॅक्सनची जागा गेली; पण त्याला बांकावर न बसवितां पॉवर फॉरवर्डचें काम दिलें गेलें, आणि त्यानें तें मनापासून उचललें. बिली कनिंगहॅम हा तरुण फॉरवर्ड आरंभीं न उतरतां मागाहून उतरे, आणि तरीहि १९६६-६७ मध्यें त्याची सरासरी १८ गुणांहून अधिक होती. सर्वांत मोठा पालट खुद्द चेंबरलेनमध्यें झाला. ॲलेक्स हॅनम या प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून त्यानें स्वतः कमी चेंडू टाकून इतरांना अधिक पास देण्यास आरंभ केला. त्याची गुणांची सरासरी मागील वर्षीं ३३.५ होती ती २४.१ वर उतरली. संघानें मात्र ८१ पैकीं ६८ सामने जिंकून अजिंक्यपद मिळविलें, आणि बोस्टनची आठ वर्षांची सलग सत्ता मोडली. थोरल्यानें थोडी जागा सोडली म्हणजे धाकट्यांना किती जागा होते, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

परंतु शिकलेला धडा घरांत टिकतोच असें नाहीं. २०१९ च्या उन्हाळ्यांत याच फिलाडेल्फियानें एम्बीडच्या जोडीस अल हॉरफर्ड हा नांवाजलेला, अनुभवी सेंटर मोठ्या रकमेस आणला आणि त्याला फॉरवर्डच्या जागीं उभें केलें. पुन्हां तीच दाटी. फेब्रुवारी २०२० मध्यें हॉरफर्डला आरंभींच्या पांचांतून काढून मागाहून उतरविण्याची पाळी आली. त्या हंगामाच्या शेवटीं सिमन्स जखमी असतां संघ बोस्टनकडून चारहि सामने हरला, आणि ब्राउन यांची नोकरी गेली. डिसेंबरांत हॉरफर्ड देऊन दुरून चेंडू टाकणारा डॅनी ग्रीन आणला, आणि त्या हंगामांत संघ पूर्व विभागांत पहिला आला. कोणतीहि मांडणी अक्षय नसते, हेंहि येथेंच सांगून टाकूं. शारिच २०१८ मध्यें व सिमन्स २०२२ मध्यें दुसऱ्या संघांस दिले गेले. एम्बीड २०२३ मध्यें सबंध एन.बी.ए.चा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, तरी १९८३ नंतरचें अजिंक्यपद काहीं त्याच्या हातून त्या संघास मिळालें नाहीं. नोएलनें पुढें अनेक संघांतून बचावाचें काम चोख केलें. ओकाफोर मात्र त्या पहिल्या वर्षाच्या उंचीवर पुन्हां चढला नाहीं. खेळाची रीत बदलत होती, त्याचा बचाव उणा होता, हें सारें खरें. पण ज्या वयांत चुकत चुकत शिकावयाचें, त्या वयांतले कित्येक महिने तो बांकावर होता हेंहि तितकेंच खरें.

आमच्या वाचकांच्या घरांत दहा फूट उंचीची टोपली नसेल. पण एका जागेसाठीं दोघे-तिघे उमेदवार असण्याचा प्रसंग कोणत्या एकत्र कुटुंबांत येत नाहीं? एकच दुकान आणि तें चालवूं पाहणारे दोघे भाऊ; एकच दिवाणखाना आणि तेथें बसून वकिली करूं इच्छिणारे काका-पुतणे; एकच स्वयंपाकघर आणि सारख्याच कर्तबगार दोघी सुना. अशा वेळीं वडील मंडळी बहुधा एकच गोष्ट करतात: कोणास दुखवावयाचें नाहीं म्हणून कांहींच बोलत नाहींत. ‘पुढें पाहूं’ हे दोन शब्द ऐकावयास मायेचे असतात, आणि त्यांची किंमत घरांतला सर्वांत लहान माणूस आपल्या वयांतून फेडीत असतो. ज्यानें वांटणी करावयाची त्यानें आधीं काम नीट पाहावें; मग माणसाची अंगलट किंवा पदवी न पाहतां त्याला काय येतें तें पाहावें; एखाद्याला जागा बदलून देतां येत असेल तर ती निःशंकपणें द्यावी; आणि मुळींच देतां येत नसेल तर तसें त्याला समोर बसवून, तो तरुण आहे तोंच सांगावें. नकार ऐकून मुलगा चार दिवस रुसेल, पण पांचव्या दिवशीं तो दुसरें दार ठोठावील. उत्तरच न मिळालेला मुलगा मात्र त्याच उंबऱ्यावर बसून राहतो.